लेकीच्या घरचं मीठ

मामी, ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. तुमच्या लेकीला, रेखालाही नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना मी तुम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि म्हणालो, "तुम्ही चपला घाला, मी गोळ्या कधी घ्यायच्या तेवढं विचारून येतो." गोळ्या कधी घ्यायच्या ते मला ठाऊक होतं. मी परत आत गेलो, केबिनचं दार मागे ओढून घेतलं आणि आवाज खाली आणून डॉक्टरांना सांगितलं, "सर, सासूबाई चोरून मीठ खातात. तुमच्यासमोर नाही म्हणतात, त्यावर जाऊ नका."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तरीच," ते म्हणाले. "मी वेगळी गोळी सुरू करणार होतो. पण मीठच सुटलं नसेल तर आधी ते सोडवा. नुसत्या गोळ्या वाढवून काय होणार?" लिहायला घेतलेली चिठ्ठी त्यांनी बाजूला सारली आणि जुन्याच गोळ्या पुढे चालू ठेवल्या.

मी बाहेर आलो तेव्हा एक चप्पल तुमच्या पायात होती, एक हातात. हातातल्या चपलेचा अंगठा सुटला होता, तो तुम्ही पिनेनं बसवत होतात.

"काय म्हने डॉक्टर?"

"तेच," मी म्हणालो.

तुमची तेरवी होऊन गेली. पाहुणे परतले, मंडपाचे बांबू गेले, अंगणात चुलीच्या जागी तेवढा काळा डाग राहिला आहे. आणि मी आता लिहायला बसलो आहे, कारण बोलून दाखवणं मला जमत नाही हे तुम्हाला माझ्या लग्नापासून माहीत होतं. "बुवाच्या तोंडाले कुलूप हाय," असं तुम्ही रेखाला म्हणायचात आणि मी ऐकलं नसल्यासारखं करायचो. तुम्हाला मी कधी आई म्हटलं नाही. आपल्याकडे जावई सासूला मामी म्हणतो, आणि त्या शब्दात जेवढं अंतर ठेवता येतं तेवढं मी नीट ठेवलं. त्या अंतराचा फायदाही मीच घेतला. जावयाचं बोलणं खोडून काढायचं नाही, ही तुमची रीत. मी काहीही बोललो तरी तुम्ही पदर सावरून गप्प बसणार, हे मला ठाऊक होतं.

मामाजी गेल्यावर तुम्ही मुकुटबनहून आमच्याकडे वणीला आलात. यायला तयार नव्हतात. "माह्या मायनं लेकीच्या घरी पानीबी नाई पेलं कधी," तुम्ही रेखाला सांगत होतात, "आन् मी दोन टाइम जेवाले येऊ?" रेखानं तुमची पेटी उचलून गाडीत ठेवली, म्हणून आलात. सुरुवातीला रोज जेवण झालं की काहीतरी काम शोधायचात, जेवल्याची भरपाई म्हणून. खिडक्यांच्या गजांवरची कोळशाची धूळ पुसायचात. ती धूळ संध्याकाळपर्यंत परत बसायची आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी परत पुसायचात.

मग तुमचा रक्तदाब वाढलेला निघाला आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. कमी म्हणजे किती, यावर आपल्या घरात पुष्कळ बोलणं झालं. शेवटी मीच ठरवलं: मामींचं बंद. भाजीत मीठ घालायच्या आधी तुमची वाटी बाजूला काढून ठेवायची. लोणचं, पापड, ठेचा तुमच्या ताटात नको. पहिल्या दिवशी ती अळणी वांग्याची भाजी तुम्ही भाकरीला लावली, एक घास खाल्ला, माझ्याकडे पाहिलं आणि हसलात.

"लेकीच्या घरचं मीठ खाऊ नाई म्हनत, बुवा. तुमीनं तं मीठच बंद केलं. माह्यं पाप वाचलं!"

रेखा पोट धरून हसली. मीही हसलो. आपण तिघं एका गोष्टीवर हसलो असे प्रसंग फार नाहीत, म्हणून हा मी धरून ठेवला आहे.

आणि तुम्ही मन लावून केलंत ते. अंबाडीची भाजी तुम्ही आठवड्यातून कितीदा करायला लागलात! "आंबट असलं का जिभेले मिठाची याद येत नाई," असं तुमचं म्हणणं. उन्हाळ्यात चिवळीची पालेभाजी मिळाली की तीच. लिंबू, कैरी, लसणाची फोडणी. बिनमिठाचं अन्न कसं खायचं याची तुम्ही पद्धत बसवत होतात, आणि मी ती पद्धत रोज समोर बघत होतो.

पण दाब उतरेना. दर खेपेला डॉक्टर पट्टा गुंडाळायचे, पारा बघायचे आणि विचारायचे, "मीठ?" तुम्ही म्हणायचात, "खात नाई." डॉक्टर माझ्याकडे बघायचे. त्या बघण्यानं माझ्या मनात पहिल्यांदा शंका आली. मी बारावीला जीवशास्त्र शिकवणारा माणूस. शरीरात गेलेलं मीठ पाणी धरून ठेवतं, पाणी वाढलं की दाब वाढतो, हे मी फळ्यावर वर्षानुवर्षं काढत आलो. माझ्या लेखी हिशेब सरळ होता. दाब आहे, म्हणजे मीठ आहे. मीठ आहे, म्हणजे कोणीतरी खातंय. घरात बिनमिठाचं कोण जेवतं? मामी. मग खोटं कोण बोलतंय?

शोधायला लागलं की सापडतंच. तुमच्या उशीखाली, जपमाळेच्या पिशवीत, स्टीलची छोटी डबी होती. मी उघडली. आत खडेमीठ.

मी ती डबी घेऊन तुमच्यासमोर उभा राहिलो. तुम्ही तुरीची डाळ निवडत होतात. डबी बघितली आणि तुमचा चेहरा उतरला. तेवढं मला पुरलं.

"मामी, हे काय?"

"ते खायचं नोहे, बुवा."

"मग कशाचं आहे?"

तुम्ही डाळीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला. मग आणखी एक. "खायचं नोहे," एवढंच परत म्हणालात. मी डबी खाटेवर आपटली आणि निघून आलो. त्याच्या पुढच्या खेपेला मी केबिनचं दार मागे ओढून घेतलं.

तुम्हाला माझा आणखी एक दिवस आठवत असेल. खरं तर तुम्ही तो विसरला असाल अशी मी आशा करत आलो. जेवायला बसलो होतो. दाब आणखी वर गेल्याचं त्याच दिवशी कळलं होतं. मी काहीतरी टोचून बोललो, बहुतेक डबीवरून. तुम्ही, कधी नव्हे ते, मान वर करून म्हणालात, "बुवा, मी सांगून राह्यली ना, नाई खात. रेखीच्या डोक्यावर हात ठेवून सांगते." आणि माझ्या तोंडून गेलं, "ही तुमची चरबी बोलते, मामी."

आपल्या भाषेत या वाक्याचा एकच अर्थ होतो. माज चढलाय. हे सासूला म्हणायचं नसतं. त्यात तुम्ही अंगानं जाड. तुमच्या लग्नात तुम्हाला बघून नवऱ्याकडच्या बायका काय काय बोलल्या होत्या, ते तुम्हीच एकदा हसत हसत सांगितलं होतंत. रेखाच्या हातातला चमचा वरणाच्या भांड्यात तसाच राहिला. तुम्ही ताट उचललंत, आत गेलात. आतून रेखाचं रागावणं ऐकू आलं आणि तुमचं समजावणं, "राहू दे वं. माह्या भल्यासाठीच बोलले ते."

यानंतर बऱ्याच महिन्यांनी यवतमाळला आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. शेवटच्या सत्रात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. विषय होता, चरबी. मी मागच्या बाकावर, चहाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला. पुस्तकात चरबीला मोजक्या ओळी आहेत: साठा करते, ऊब देते, धक्क्यापासून वाचवते. मी मुलांना सांगायचो, चरबी म्हणजे कोठार. भरून ठेवायचं, लागलं की काढायचं.

बाईंचं पहिलंच वाक्य असं होतं, "चरबी नुसती साठून राहत नाही, ती बोलते."

मामी, मी दचकलो. माझंच वाक्य कोणीतरी माईकवरून म्हणत होतं.

त्या जे सांगत होत्या ते तुम्हाला समजेल अशा शब्दांत सांगतो, कारण ते तुम्हाला सांगायचं होतं आणि सांगितलं नाही. दिवाळीच्या आधी आपण काय करायचो? घरातलं सगळं सामान अंगणात काढायचो, आणि मग लागेल तेवढं परत आत न्यायचो. मूत्रपिंड दिवसभर तेच करतं. रक्तातलं मीठ, पाणी, साखर सगळं आधी बाहेर काढतं आणि मग कामाचं ते परत आत घेतं. राहील ते लघवीवाटे जातं. आता दिवाळीला दारात उभं राहून "हे कायले फेकता? राहू द्या, कामी येईन," असं म्हणत फुटक्या बरण्यासुद्धा परत आत आणायला लावणारं कोण होतं? तुम्हीच. जाड माणसाच्या शरीरात तशी दारात उभी राहणारी चरबी असते. तिच्यातून रस पाझरतात आणि रक्तातून फिरतात. एकाचं नाव लेप्टिन. त्यानं मेंदूला कळवायचं असतं की साठा भरपूर आहे, आता पुरे. पण तो फार वाढला की मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या नसांनाही तो चेतवतो. शिवाय रक्तवाहिन्या आवळणाऱ्या एका रसाचा कच्चा माल चरबी स्वतःच तयार करते. आणि मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, तिला डिवचून चरबी अल्डोस्टेरॉन नावाचा रस जास्त काढायला लावते. हे सगळे मिळून मूत्रपिंडाला एकच गोष्ट सांगत राहतात: मीठ टाकू नका, आत घ्या. उलट बाजूनं बोलणारा, सांभाळून घेणारा असाही एक रस चरबीतून येतो, पण चरबी वाढली की नेमका तोच कमी होतो.

मग मूत्रपिंड ऐकतं. जे मीठ बारीक माणसाचं शरीर सहज बाहेर टाकतं, तेवढंच मीठ टाकायला अशा माणसाच्या शरीराला दाब वाढवावा लागतो. औषधात, डाळीत, पालेभाजीत, कुठे ना कुठे थोडं मीठ असतंच. बिनमिठाचं जेवणाऱ्याच्याही पोटात तेवढं जातं. आणि तेवढंच धरून ठेवलं जातं.

मी वहीवर काहीतरी रेघा मारत होतो. बाईंनी शेवटी सांगितलं की माणूस खरोखर मीठ कमी खातो आणि तरी दाब उतरत नाही, तेव्हा या अल्डोस्टेरॉनला अडवणाऱ्या गोळीचा विचार करता येतो. वजन थोडंही उतरलं तरी मदत होते. "पण त्यासाठी पेशंटचा शब्द खरा धरावा लागतो," त्या म्हणाल्या. "आपण घरच्यांना विचारतो. संशय असेल तर दिवसभराची लघवी तपासा, त्यात खाल्लेलं मीठ दिसतं. जावयाला काय विचारता?"

त्या सून, मुलगा, शेजारी काहीही म्हणू शकल्या असत्या. जावई म्हणाल्या. सगळे हसले. माझ्या शेजारचे सरही हसले आणि मला कोपरानं ढोसलं.

वेगळी गोळी. डॉक्टर लिहायला बसले होते ती चिठ्ठी. ती हीच असेल का, मला माहीत नाही. पण ते लिहीत होते आणि मी थांबवलं, एवढं मला माहीत आहे.

यवतमाळहून वणीपर्यंतच्या बसमध्ये मी वाक्यं जुळवत आलो. "मामी, माझं चुकलं." हे फार थोडं वाटलं. "मामी, विज्ञान आता असं सांगतं की..." हे फार सोयीचं वाटलं. घरी पोचलो तेव्हा दुपार होती. रेखा शाळेत शिकवायला गेली होती. तुम्ही दार उघडलंत, पाणी दिलंत, म्हणालात, "तोंड उतरलं तुमचं. भाषण देल्लं का तिकडं?" मी म्हणालो, "डोकं दुखतंय," आणि आत जाऊन पडलो. डोकं दुखत नव्हतं. तुमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

थोड्या वेळानं तुमची पावलं ऐकू आली. तुम्ही जड पावलांनी चालायचात, पण त्या दिवशी अंग चोरून येत होतात. मी डोळे मिटून घेतले. झोपलोय असं दाखवलं. तुमच्या बांगड्या माझ्या डोक्याजवळ वाजल्या. तुमची मूठ माझ्या कपाळावरून पायापर्यंत, मग परत कपाळावरून, गोल फिरताना मला जाणवली. आणि तुम्ही पुटपुटत होतात,

"आल्या-गेल्याची, घरच्या-दारच्याची... माह्यी सोताची लागली असंन तं तेबी जाऊ दे."

तेव्हा मला कळलं, मामी, ती डबी कशाची होती.

आमचा अंकुर पाळण्यात असताना तुम्ही त्याची नजर काढत होतात आणि मी तुमच्या हातातलं मीठ-मिरच्या घेऊन मोरीत टाकल्या होत्या. "या घरात हे चालणार नाही. मी विज्ञान शिकवतो," असं मी मोठ्यानं, पाहुण्यांसमोर म्हणालो होतो. तुम्ही नंतर कधी केलं नाही, असं मला वाटत होतं. तुम्ही करत होतात. माझ्यापासून लपवून, माझ्याच घरच्यांसाठी, आणि वरून माझ्यासाठीसुद्धा. ते मीठ खायचं नव्हतं. पण ते कशाचं आहे हे मला सांगणं तुम्हाला मीठचोर ठरण्यापेक्षा जड गेलं.

तुम्ही स्वयंपाकघरात गेलात. गॅसवर मीठ तडतडलं. मग मिरच्यांचा खाट आला. नाकात गेला, घशात गेला. मला ठसका यायला लागला आणि मी तो दाबला. दात आवळून, उशीत तोंड खुपसून दाबला. खोकलो असतो तर मी जागा आहे हे तुम्हाला कळलं असतं आणि मग बोलावं लागलं असतं. दारातून तुम्ही डोकावलात. मग आत जाताना तुमचं समाधानाचं बोलणं ऐकू आलं, "ठसकाबी नाई आला. लय भारी लागली होती."

मिरच्या जळूनही ज्याला खोकला येत नाही, त्याला नजर जबर लागलेली असते, असं तुम्ही मानायचात. तुमची ती समजूत मी त्या दिवशी पक्की केली.

डोळे उघडायचे होते, एवढंच. पुढचं सगळं आपोआप झालं असतं. तुम्ही लाजला असतात, मी ओशाळलो असतो, आणि त्या गडबडीत मी सांगून टाकलं असतं की तुमचं खरं होतं, मी डॉक्टरांना खोटं सांगितलं, उद्या जाऊन ते दुरुस्त करतो. मी का नाही उघडले याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. एक वाईट उत्तर आहे. रेखासमोर मला चुकीचं ठरायचं नव्हतं. घरात सगळ्यांनी मला विचारून गोष्टी करायच्या, अशी सवय मी लावली होती आणि ती मोडायची नव्हती.

मी अर्धी गोष्ट केली. तुम्हाला बोलणं बंद केलं. टोमणे बंद, डबीचा विषय बंद, वाटी बाजूला काढली का म्हणून विचारणंही बंद. मला वाटलं, हे तुम्हाला कळेल. माफी मागायची ही माझी पद्धत आहे असं मी स्वतःला पटवलं होतं. आणि मग एक दिवस तुम्ही रेखाला विचारताना ऐकलं, "बुवा आताशा रागावत नाई माह्यावर. आशा सोडली का काय?"

मी वह्या तपासत राहिलो.

त्यानंतर आपण डॉक्टरांकडे गेलो तो दिवस मला सगळ्यात जास्त छळतो. केबिनमधलं ते खोटं मला तेव्हा तरी खरं वाटत होतं. हे मात्र मी सगळं माहीत असताना केलं. डॉक्टरांनी पारा बघितला, मान हलवली आणि विचारलं, "मीठ कसं आहे, आजी?" तुम्ही माझ्याकडे वळलात. हसत होतात.

"तुमी सांगा, बुवा. माह्यं कोनी खरं धरत नाई."

दार तुम्ही स्वतः उघडून दिलं होतं. माझ्या पुढ्यात डॉक्टर, शेजारी तुम्ही, आणि वाक्य फक्त एवढंच: त्या खरंच खात नाहीत. मी म्हणालो, "प्रयत्न चालू आहे, सर." डॉक्टर हसले. "चालू ठेवा," म्हणाले, आणि त्याच गोळ्या लिहिल्या.

परतताना ऑटोत तुम्ही बराच वेळ रस्त्याकडे बघत होतात. कोळशाच्या ट्रकांची रांग लागली होती, ऑटो थांबला होता. तुम्ही न वळता म्हणालात, "प्रयत्न नोहे, बुवा. बंद हाय."

मी ऐकलं नसल्यासारखं केलं.

त्या सकाळी तुम्ही मागच्या ओट्यावर अंबाडी निवडत होतात. रेखानं हाक मारली आणि तुमच्या हातातून जुडी पडली. उचलायला गेलात तर हात येईना. रेखाला वाटलं तुम्ही गंमत करताय, मग तुमचं तोंड वाकडं झालेलं तिला दिसलं. चंद्रपूरला नेताना गाडीत मी तुमच्या उशाशी होतो. तुम्ही काहीतरी सांगायला बघत होतात, जीभ वळत नव्हती. डोळे माझ्यावर होते. मी तुमचा हात धरला होता. तेव्हाही सांगता आलं असतं, मामी. ऐकू येत होतं तुम्हाला, मी हात दाबला की तुम्ही परत दाबत होतात. पण समोर रेखा बसली होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

ती गोळी वेळेवर सुरू झाली असती तर तुम्ही वाचला असतात का? मी हा प्रश्न आडवळणानं एका ओळखीच्या डॉक्टरला विचारला. तो म्हणाला, तसं कोणीच सांगू शकत नाही, गोळीनं दाब उतरला असताच असंही नाही. मी काही दिवस या वाक्याच्या आडोशाला बसून पाहिलं. सावली मिळाली नाही. कारण माझ्या मनाला जे लागलं आहे ते गोळीपुरतं नाही. तुम्ही खरं बोलत होतात आणि तुम्हाला खोटं म्हणणारा माणूस मी होतो, आणि ते खोटं आहे हे कळल्यावरही ते मी तसंच चालू दिलं. तुमच्या मूत्रपिंडाला चरबी काय सांगत होती ते निदान शरीराचं काम होतं. डॉक्टरांना मी काय सांगत होतो, ते कोणाचं काम होतं?

तेरवीला तुमच्या नावानं पान वाढलं. रेखानं स्वतः वाढलं. तुमच्या आवडीचं सगळं होतं, वांग्याची भाजी, अंबाडी, तळलेले पापड, कुरडया. तुमचा भाचा म्हणाला, "आत्या खाण्याची शौकीन होती. मीठ काही सुटलं नाही तिचं." रेखा मान हलवत म्हणाली, "यांनी किती जीव तोडून सांगितलं. ऐकलं असतं तर आज असती." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आदरानं पाहिलं, मामी. मी हात जोडले.

मग रेखानं बरणीतून मूठभर मीठ घेतलं आणि तुमच्या पानात, अगदी मधोमध, ढीग केला. "खा आता, आई. पोटभर खा. आता तुले कोनी नाई बोलनार." ती रडत होती आणि तुम्हाला माफ करत होती. तुम्ही कधी न केलेल्या चोरीबद्दल.

दोन दिवसांनी तुमची पेटी आवरताना तिला डबी सापडली. पावसाळी हवेनं मिठाला पाणी सुटलं होतं. तिनं ती माझ्यापुढे धरली. "हे पाहा. शेवटपर्यंत सोडलं नाही." मी डबी तिच्या हातून घेतली आणि खिशात ठेवली. आत्ता ती टेबलावर आहे, कागदाशेजारी. झाकणाला आतून गंज चढला आहे.

तुमचं माझ्याकडे पुष्कळ राहिलं आहे, त्यातलं बरंचसं आता फेडता येणार नाही. ज्या डॉक्टरांना मी खोटं सांगितलं त्यांना खरं काय ते सांगायचं आहे. पण त्याआधी, आणि हा कागद दुसऱ्या कोणाच्या हाती जाण्याआधी, रेखाला तीन गोष्टी माझ्या तोंडानं सांगायच्या आहेत. तिची आई मीठ खात नव्हती. डबीतलं मीठ माझी नजर काढायला होतं. आणि हे दोन्ही मला माहीत होतं.

ती आत्ता स्वयंपाकघरात आहे. मी अजून सांगितलेलं नाही.